बिनफवारणीची डाळ

साखरखेर्ड्यात कोणालाही विचारा, उद्धव गुरुजी कसा माणूस आहे. पहिला शब्द येईल 'तापट' आणि दुसरा येईल 'शहाणा'. दुसरा शब्द लोक ज्या सुरात म्हणतात, त्यावरून त्यांना काय म्हणायचंय ते तुम्हाला कळेलच. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर पोरं मिळेनात, म्हणून गावाला शिकवायला लागलो. पारावर बसून सांगायचो, बाबांनो, बाजारातली डाळ म्हणजे पॉलिश मारलेलं विष आहे. निदान स्वतःच्या लेकरांसाठी तरी शेतात दोन ओळी बिनफवारणीच्या घ्या. लोक 'हाव गुरुजी' म्हणायचे आणि घरी जाताना दुकानातून तीच डाळ न्यायचे.

मी मात्र बोलल्याप्रमाणे वागत होतो. आमच्या साडेसहा एकरांतले दोन एकर मी घरच्यासाठी राखले होते. तूर, मूग, थोडा गहू. त्या दोन एकरांत औषधाचा थेंब पडू दिला नाही. तुरीवर अळी आली की मी आणि माझी बायको कोकिळा सकाळीच पोतं घेऊन जायचो, झाडाखाली अंथरायचो आणि झाड हलवून अळ्या पाडायचो. लोक हसायचे. चैत्रात त्या तुरीची डाळ घरीच करायची, भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून. मग पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत दोन कट्टे, म्हणजे लहान पोती, चढवायचे. पुण्यात माझा एकुलता मुलगा आल्हाद, सून नीरजा आणि दोन नातवंडं. हौसेनं ठेवलेलं आल्हाद हे नाव गावाला कधीच जमलं नाही. इथं तो अजून अल्लाद आहे.

नातवंडांत आरोही मोठी, नऊ वर्षांची. देवेश चार वर्षांचा. आरोही रोज संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आजोबा, आज कोणावर ओरडलात?" मी सांगायचो, पोस्टमनवर, एसटीच्या कंडक्टरवर, आजीवर. ती पोटभर हसायची. कधी दिवस अगदीच शांत गेला, तर मी पाच वाजता मुद्दाम बाहेर पडून कोणाशी तरी भांडून यायचो. सांगायला काही हवं ना.

आता पावडरीचं सांगतो. तेच सांगायला बसलोय.

तीन वर्षांपूर्वी नीरजानं मोबाईलवर एक फोटो पाठवला. डाळीच्या डब्यात चार भुंगे. खाली लिहिलं होतं, 'बाबा, तुमच्या डाळीला पाहुणे आलेत.' पोरीनं गंमत केली होती. माझ्या मात्र ती जिव्हारी लागली. उद्धव गुरुजीच्या डाळीत किडे! आमच्या घरात डाळीला एरंडेल चोळून, निंबाचा वाळवलेला पाला घालून कोठी भरायची पद्धत होती. माझी आई करायची, पुढे कोकिळा करायची. त्या वर्षी मी तिला म्हणालो, ही अडाणी रीत बंद. आमच्या शेजारच्या भागवतचं खता-औषधांचं दुकान आहे. त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, कडक काहीतरी दे. त्यानं मागच्या खोलीतल्या पोत्यातून पिशवीभर पांढरी पावडर दिली. पूर्वी कपाशीवर धुरळणी करायचे, तसली.

कोठीत डाळीचा एक थर, वर मूठभर पावडर, परत डाळ, परत पावडर. हे काम मी स्वतः करायचो, नाकातोंडाला रुमाल घट्ट बांधून. पुण्याला पाठवायच्या आधी डाळ चाळून, पाखडून घ्यायचो, म्हणजे कण दिसायचा नाही. तीन वर्षं एकही भुंगा निघाला नाही. मी पारावर छाती फुगवून सांगायचो, बघा, बिनफवारणीची डाळ आणि कीड नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी किती पोरांना फळ्यावर लिहून दिली असेल.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि आरोहीच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. नीरजाला वाटलं, खेळताना आपटली असेल. मग एके दिवशी शाळेत तिचं नाक वाहायला लागलं ते थांबेना. रक्त तपासलं. लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तर नावालाच. मोठ्या दवाखान्यात नेलं, कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि तपासला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हाडाच्या आत रक्त तयार होतं, तो कारखानाच बंद पडत चाललाय. आजाराचं नाव ॲप्लास्टिक ॲनिमिया. मी विज्ञानाचा मास्तर. हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मी आणि कोकिळा पुण्याला पोचलो, त्याच दिवशी डॉक्टरीणबाई आल्हादला बसवून एकेक विचारत होत्या. मी त्याच्या शेजारी होतो.

"कावीळ झाली होती का? कुठलं औषध बरेच दिवस चालू होतं? घरात रंगकाम, थिनर, पेट्रोल? उवांचं, ढेकणांचं औषध? शेतीच्या औषधांशी संबंध?"

"हे कशामुळे होतं, डॉक्टर?" आल्हादनं विचारलं.

"बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. पण काही रसायनांवर संशय असतो, म्हणून विचारते."

"शेती गावाला आहे," आल्हाद म्हणाला. "पण आम्ही जे खातो, त्यावर एक थेंबही फवारणी नसते. बाबांचा हट्टच आहे तो." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, "वा, आजोबा! फवारणी अजिबात नाही?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. प्रश्न फवारणीचा होता, पावडरीचा नव्हता. छत्तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. विचारलं तेवढंच लिहून बाकीचं झाकणारं पोर मला लांबून ओळखू यायचं. त्या खोलीत ते पोर मी होतो. पावडर मला त्याच क्षणी आठवली होती. रुमाल बांधलेलं माझं तोंडसुद्धा आठवलं. पण खांद्यावर माझ्या मुलाचा हात होता, आणि तो हात तिथून निघायला मला नको होता.

काचेच्या खोलीत आरोही झोपली होती. मास्क लावून मला आत जाऊ दिलं. तिनं विचारलं, "आजोबा, आज कोणावर ओरडलात?" मी म्हणालो, रिक्षावाल्यावर. ती हसली आणि हसताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं.

आठवडाभरानं मी एकटा गावी परतलो. पेरणीची कामं होती. कोकिळा पुढच्या आठवड्यात आली. ती आली त्याच दिवशी सकाळी आल्हादचा फोन आला.

"बाबा, तिला बाहेरचं काहीच द्यायचं नाहीये. जंतुसंसर्ग होईल म्हणतात. फक्त घरचं, पूर्ण शिजवलेलं. नीरजा तुमच्या डाळीचं वरण करून नेते. डाळ संपत आली. पाठवाल?"

"पाठवतो," मी म्हणालो.

माणसाला तोंड दिलं आहे ते कशासाठी? पण नाही. मी विचार करत बसलो. दुसऱ्याची डाळ पाठवावी, तर गावात पावडर टाकत नाही असं घर कोणतं? दुकानातली पाठवावी, तर नीरजा हातात घेताच ओळखेल आणि विचारेल. शेवटी मी कोठीतली दहा किलो डाळ काढली, गच्चीवर नेली आणि मोठ्या घमेल्यात धुवायला बसलो. एक पाणी, दुसरं पाणी, सातवं पाणी. प्रत्येक वेळी वर पांढुरका तवंग यायचा, की मला तसा दिसायचा, देव जाणे.

कोकिळा जिन्यावरून वर आली. प्रवासाचं लुगडंही बदललं नव्हतं.

"डाय काऊन धुऊन राह्यले? धुतलेली डाय टिकते का कट्ट्यात?"

"वाळवून देतो. तू तुझं काम पाह्य."

ती घमेल्याजवळ बसली. पाण्यात हात घातला, बोटं चोळली. मग हळू आवाजात म्हणाली, "पावडरीपायी ना?"

मी घमेल्यातलं पाणी ओतून दिलं.

"मी तव्हाच म्हनलं होतं, निंबाचा पाला टाकू. त तुम्ही मले अडाणी म्हनले. त्या डॉक्टरनीले सांगतलं का तुम्ही?"

"काय सांगू? साऱ्या गावात टाकतात. मेलं का कोणी?"

एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की भागवत त्याच्या दारात आला. कोकिळा उठली. "पोराले फोन लावा. आत्ता लावा. नाई त मी लावतो."

मी तिच्या हातातून मोबाईल घेतला. "त्याच्या जिवाले आधीच घोर आहे. डॉक्टर मोठे लोक आहेत, ते पाहून घेतील. तू मधात पडू नको." चाळीस वर्षं ऐकत आली, तसं तिनं ऐकलं. त्या दिवशी तिनं ऐकायला नको होतं. मला ढकलून फोन लावायला हवा होता. पण मी तिला ऐकायचीच सवय लावली होती.

डाळ दोन दिवस उन्हात वाळवली आणि ट्रॅव्हल्सनं पाठवली.

त्याच दिवशी भागवतच्या दुकानात गेलो. "ते पोतं कशाचं होतं रे?"

"थे? थे जुनं होतं, गुरुजी. आता येत नाई. बंदी आली त्याच्यावर, लई वर्षं झाले."

"मग मले काऊन देलं बे?"

"तुम्हीच म्हनले, कडक पायजे."

बरोबर होतं त्याचं. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तसाच परत फिरलो.

पुढचे चार महिने मी लिहीत नाही. जमेल तेवढंच सांगतो. देवेशचा मगज तिला जुळतो का, ते पाहिलं. सख्खं भावंड असूनही जुळला नाही. एवढंसं पोर, दंड पुढे करून म्हणालं, ताईला माझं सगळं रक्त द्या. मग घोड्याच्या रक्तापासून केलेलं इंजेक्शन दिलं, थंडीनं ती चादरीसकट हालायची. आठवड्याला दोनदा रक्त, प्लेटलेट. आल्हादच्या ऑफिसातली निम्मी माणसं रांगेत उभी राहिली. इंजेक्शनाचा गुण येईना, तेव्हा बापाचा अर्धा जुळणारा मगज घालायचं ठरलं. तारीखही ठरली. तेवढ्यात तिच्या फुप्फुसात बुरशी शिरली.

शेवटच्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंना दुपारी जिन्याजवळ एकट्या गाठलं आणि सगळं सांगितलं. कोठी, थर, मूठ, तीन वर्षं. त्या ऐकत राहिल्या. पावडरीचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं, जुनी, बंदी आलेली, एवढंच सांगितलं.

"त्यामुळेच झालं का?" मी विचारलं. "एकदा सांगून टाका."

"सांगता येणार नाही, आजोबा. असल्या काही जुन्या पावडरींवर संशय घेतला गेलाय, हे खरं. पण हीच डाळ घरातल्या चौघांनी खाल्ली, तुम्ही दोघांनी खाल्ली. मग हिलाच का? मी हो म्हटलं तरी अंदाज आणि नाही म्हटलं तरी अंदाज."

"जूनमध्ये सांगितलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "उपचार हेच केले असते. पण ती डाळ त्याच दिवशी बंद केली असती."

"मुलाला तुम्ही सांगू नका. मी सांगतो."

"नक्की सांगा. घरात अजून एक मूल आहे."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आरोही गेली. मी आल्हादला सांगितलं नाही. आज सांगू, तेराव्यानंतर सांगू, तो जरा सावरला की सांगू, असं करत माघ आला. स्वतःला म्हणायचो, आता सांगून काय होणार? कोठीतली उरलेली डाळ मी शेताच्या कडेला खड्डा करून पुरली. पुण्याला सांगितलं, इथली डाळ संपली, सध्या तिकडेच घ्या. देवेशच्या तोंडी ती जात नाही, एवढं पाहिलं, म्हणजे निम्मं पाप फिटलं, असा माझा हिशेब होता. त्याचं रक्तही तपासून झालं होतं, चांगलं होतं.

ह्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याची सगळी आली. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी पाण्याची घागर भरून पुजतात. लहान पोरीची घागर भरायची की नाही, यावर भाऊबंदांत चर्चा झाली. कोकिळा कोणाशी बोलली नाही. तिनं कुंभाराकडून तांब्याएवढी लहान घागर आणली आणि भरून ठेवली. आल्हादनं तिच्यावर आंबा ठेवला आणि तो देवेशला घेऊन मळ्यात निघून गेला.

दुपारी माजघरात मी नवीन डाळीतले खडे वेचत होतो. ह्या वर्षीच्या डाळीला कोकिळेनं एरंडेल चोळलं होतं. नीरजा येऊन समोर बसली आणि सूप ओढून घेतलं. वर्षात पोरीचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"बाबा, ह्या वर्षी आम्हाला थोडीच द्या," ती म्हणाली. "मागची अजून आहे."

"मागची कोणती?"

"तुम्ही आरोहीसाठी धुऊन, वाळवून पाठवली होती ना, ती. अर्धा डबा उरलीय. ती दुकानातलीत मिसळवत नाही माझ्याच्यानं. आम्ही दोघं दुकानातली खातो. ती फक्त देवेशला लावते, मूठ मूठ. पुरवून पुरवून."

माझ्या हातातले खडे डाळीत पडले. सहा महिने मी इथं शांत झोपत होतो आणि तिकडे ते पोर रोज ती डाळ खात होतं. माझ्या तोंडात जीभच नसती तर बरं झालं असतं, असं वाटलं. गप्प बसायला निदान कारण तरी मिळालं असतं.

"नीरजा, ती डाळ फेकून दे," मी म्हणालो. "देवेशला एक दाणाही देऊ नको."

आणि मग सांगितलं. भुंग्यांच्या फोटोपासून सगळं. भागवतचं पोतं, रुमाल, थर. डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर, आल्हादचा खांद्यावरचा हात. गच्चीवरची सात पाणी. डॉक्टरीणबाई नंतर काय म्हणाल्या तेही सांगितलं, की नक्की कोणीच सांगू शकत नाही. ते सांगताना माझीच मला लाज वाटली. त्या वाक्याच्या आड लपायला आलोय असं वाटलं. कोकिळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तोंडाला पदर लावून ती ऐकत होती.

माझं सांगून झालं. मी नीरजाच्या रागाची वाट बघत होतो. तिनं सूप माझ्या अंगावर फेकावं, आल्हादला हाक मारावी, आत्ता बॅग भरावी, सगळ्याची तयारी मी मनात केली होती. सहा महिने दुसरं काय केलं होतं?

"ती म्हणायची," नीरजा म्हणाली.

"काय म्हणायची?"

"वरणाला वास येतो म्हणायची. दोन वर्षं म्हणत होती. मला नाही यायचा. ह्यांना नाही यायचा. मी रागवायचे. म्हणायचे, आजोबा एवढ्या उन्हात तुझ्यासाठी डाळ करतात आणि तुला वास येतो? ताटावरून उठू द्यायचे नाही मी तिला."

"नीरजा..."

"दवाखान्यात तर तोंडच उघडायची नाही. मान फिरवायची. मला वाटायचं, आजारपणानं चव गेलीय. घरचंच खायला हवं होतं ना तिला. मांडीवर घ्यायचे, चमचा दातांवर टेकवायचे आणि उघडलं तोंड की घालायचे. रडत गिळायची, बाबा. संपवलं की मी नर्सला सांगायचे, आज सगळं खाल्लं."

मी हात जोडले. "माझ्यावर ओरड गं पोरी. तुझी चूक नाही ती. माझ्यावर ओरड."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.